व्हीगन जेवण कालच्या उरलेल्यातूनही होतं

एक मेसेज घरगुती गटांवर सारखा फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: व्हीगन खाणं, म्हणजे मांस, अंडी, दूध-तूप असं प्राण्यांपासून मिळणारं काहीही न खाणं, हे श्रीमंतांचं खूळ, त्याला टोफू (सोयाबीनच्या दुधाचं पनीर) आणि बदामाचं दूध लागतं. दूध, दही, तूप काढलं तर आपल्या स्वयंपाकात चव उरत नाही. असं खाऊन प्रथिनं मिळत नाहीत. आणि उरल्यासुरल्यातून हे जेवण करायचं म्हणजे शिळं खायचं, म्हणजे विषच. घरात कुणी ‘मी दूध-तूप सोडतेय’ म्हणालं की हाच मेसेज त्याच्या तोंडावर मारला जातो. म्हणून एकेका विधानाला उत्तर देते.

‘श्रीमंतांचं खूळ आहे, महागडं सामान लागतं.’

हे मला सगळ्यात जास्त खटकतं. सोलापूर, नगर, मराठवाड्याच्या कोरडवाहू पट्ट्यात कितीतरी घरांचं रोजचं जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, कांदा, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि तुरीचं कालवण. तूप सणावाराला. दारात म्हैस असली तरी दूध डेअरीला जायचं, कारण आठवड्याचा बाजार त्या पैशांवर व्हायचा. मांसाहारही कधीमधीच. या ताटाला श्रीमंतांचं खूळ म्हणणं म्हणजे त्या घरांतल्या बायकांनी आयुष्यभर काय रांधलं हे माहीतच नसणं. उरलेल्याचं काय करायचं याची चोख उत्तरंही याच चुलीपाशी निघाली. शिळ्या भाकरीचे फोडणीचे तुकडे, रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी, उरलेली भाजी पिठात मळून धपाटे, दोडक्याच्या शिरांची चटणी. यातल्या कशालाही वाण्याकडे वेगळी यादी द्यावी लागत नाही. टोफू आवडत असेल तर जरूर आणा. त्याच्यावाचून अडत मात्र नाही.

‘दही-तुपाशिवाय चव नाही.’

आपल्याकडे बहुतेक घरांत फोडणी तेलाची असते आणि तूप पडतं ते ताटात, वरून. म्हणजे पातेल्यात जे उरतं त्यात पुष्कळदा दुधाचं काहीच नसतं. अडचण दोनच ठिकाणी येते: पोळ्यांना तूप लावून डब्यात भरायची सवय, आणि वरणाला दिलेली तुपाची फोडणी. पोळीला तेलाचा हात लावा, फोडणी शेंगदाण्याच्या किंवा करडईच्या तेलात करा, की दुसऱ्या दिवशीचं सगळं उरलेलं तुमच्या कामाचं.

दह्या-ताकाचं काम मुळात आंबटपणाचं. ते चिंच, आमसूल, लिंबू, कैरी, टोमॅटो करतात. दाटपणा आणि स्निग्धपणा दाण्याच्या कुटातून किंवा ओल्या नारळातून येतो. कोकणात आणि गोव्यात नारळाचा रस आणि कोकमाची सोलकढी रोज होते, तिला कुणी ‘ताकाची बदली’ म्हणत नाही.

माझ्या घरी हमखास होणारा प्रकार सांगते. रात्रीचं वाटीभर तुरीचं वरण फ्रिजमध्ये थिजून वडीसारखं झालेलं असतं आणि डब्यात तीन-चार पोळ्या. वरणात दोन वाट्या गरम पाणी घालून रवीने सारखं करायचं. मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, दोन लसूण पाकळ्या यांची फोडणी करून त्यावर ते ओतायचं. चिंचेचा कोळ, गुळाचा खडा, गोडा मसाला, मीठ. आमटी खळखळून उकळू द्यायची, मगच पोळीचे बोटभर लांब तुकडे सोडायचे आणि दोन-तीन मिनिटांत गॅस बंद. इथे पोळी कालचीच हवी. ताजी मऊ पोळी विरघळून लगदा होतो, कालची सुकलेली पोळी रस पिते आणि तरी आकार धरून राहते. चकोल्यांचीच चव, पीठ मळायचं आणि लाटायचं काम वाचलं. वरून दाण्याचं कूट आणि कच्चं तेल घाला. ज्यांना तूप आठवेल त्यांना ते या कच्च्या तेलाच्या वासात विसरता येतं, हे मी पाहिलंय.

‘प्रथिनं मिळत नाहीत.’

राष्ट्रीय पोषण संस्थेची 2020ची शिफारस प्रौढांसाठी किलोमागे रोज 0.83 ग्रॅम आहे. 55 किलो वजनाच्या बाईला साधारण 46 ग्रॅम. तूर, मूग, हरभरा यांच्या 100 ग्रॅम डाळीत 20 ते 24 ग्रॅम प्रथिनं असतात, शेंगदाण्यात जवळपास 25. दिवसभरात कच्च्या वजनाने 80 ग्रॅम डाळ-कडधान्य, 30 ग्रॅम दाणे आणि पोळी-भाकरी-भात मिळून अडीचशे ग्रॅम धान्य पोटात गेलं की हिशोब जुळतो. प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्यांपैकी लायसिन धान्यात कमी आणि मेथिओनिन डाळीत कमी, ही उणीव दोन्ही एका ताटात आल्यावर भरून निघते.

यात एक खरी चूक होते. उरतो तो भात आणि पोळी, उसळ आधीच संपलेली असते. नुसत्या फोडणीच्या भाताने पोट भरतं, गरज भागत नाही. त्यात मूठभर मोडाचे मूग किंवा भाजलेले दाणे घाला. भाताची थालीपिठं करत असाल तर ज्वारीच्या पिठाबरोबर बेसनही सढळ हाताने घ्या.

‘शिळं अन्न म्हणजे विष.’

अन्न किती वाजता शिजलं यापेक्षा ते नंतर कुठे आणि किती वेळ ठेवलं, याला महत्त्व आहे. भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात ओट्यावर रात्रभर राहिला की ते वाढतात आणि त्यांचं एक विष पुन्हा उकळूनही जात नाही. म्हणून ‘चांगलं गरम केलं की झालं’ हेही चूक. भात उरणार हे दिसलं की पसरट भांड्यात काढून निववा, तासा-दोन तासांत फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत एकदाच गरम करून संपवा. ओला नारळ घातलेली भाजी तर उन्हाळ्यात दुपारपर्यंतही धड राहत नाही. भाकरीत पाणी कमी, ती फडक्यात गुंडाळून रात्रभर बाहेर चालते. एवढं पाळलं तर कालचं अन्न खाण्यात फारसा धोका नाही.

मेसेजमध्ये जे नाही तेही सांगायला हवं: बी-12 हे जीवनसत्त्व. वनस्पतिजन्य आहारात ते भरवशाने मिळत नाही, आणि व्हीगन खाणाऱ्याने त्याची गोळी डॉक्टरांना विचारून घेतलीच पाहिजे. याबाबत मी कुणालाही सूट देणार नाही. पण दूध पिणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने केलेल्या अभ्यासांत दूध-दही खाणाऱ्या शाकाहारी लोकांमध्येही बी-12ची मोठी कमतरता आढळली आहे. तेव्हा दूध-तूप सोडणाऱ्या घरातल्या मुलीला रक्त तपासायला पाठवाल, त्याच दिवशी स्वतःचंही तपासून घ्या.