फाशी टाळायची आहे? जन्माआधीच तयारीला लागा

भाऊ, खून करायचा की नाही हा तुमचा खासगी मामला, मी त्यात पडत नाही. पण नागपुरात राहता म्हणून सांगून ठेवतो. राज्यात फाशीची सोय दोनच तुरुंगांत आहे. एक येरवडा आणि दुसरा आपला वर्धा रोडवरचा. तिकडे जायचं नसेल तर तयारी गुन्ह्याच्या आधी नाही, जन्माच्या आधी करावी लागते.

आईबाप जपून निवडा. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने 2016 मध्ये देशभरातल्या फाशीच्या कैद्यांची पाहणी छापली. त्यातले 76 टक्के दलित, आदिवासी, ओबीसी नाहीतर अल्पसंख्याक निघाले, आणि जवळपास तीन चतुर्थांश गरीब. एवढी शिस्त तर आपल्या जनगणनेतही नसते बाप्पा.

अमेरिकेत हे काम सोपं आहे, तिथे रंग लांबूनच दिसतो. जॉर्जिया राज्यातल्या खटल्यांच्या अभ्यासात आढळलं, की मेलेला माणूस गोरा असेल तर मारणाऱ्याला फाशी होण्याची शक्यता 4.3 पट. तिथल्या सुप्रीम कोर्टाने 1987 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं, की असेल आकडा, पण या काळ्या आरोपीशी भेदभाव झाला हे त्यावरून सिद्ध होत नाही. आपण मागासलेले, आपल्याला आधी आडनाव विचारावं लागतं. त्यावरून उलगडा झाला नाही तर ‘राहता कुठे?’ धरमपेठ म्हटलं की खुर्ची पुढे येते. इंदोरा किंवा मोमिनपुरा म्हटलं की वही.

पारधी बेड्यावर, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवर, जन्म घेण्याचा विचार असेल तर सोडून द्या. इंग्रजांनी 1871 मध्ये जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 1952 मध्ये गेला, पण ठाण्यातल्या साहेबांना कोणी कळवलेलं दिसत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या 2003 च्या एका गुन्ह्यात भटक्या जमातीचे सहा जण धरले. हायकोर्टाने त्यातल्या तिघांची फाशी कमी करून जन्मठेप दिली होती, तर सुप्रीम कोर्टाने 2009 मध्ये त्यांचीही पुन्हा फाशी केली. मग 2019 मध्ये त्याच कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी 5 लाख द्यायला सांगितले. सुमारे 16 वर्षांचे 5 लाख म्हणजे दिवसाला 85 रुपये. बर्डीवर दोन प्लेट तर्री-पोहे येतात, आणखी काय पाहिजे?

जन्म चुकलाच असेल तर निदान मरणारा नीट निवडा. भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत 29 सप्टेंबर 2006 ला दलित घरातली आई, मुलगी आणि दोन मुलं गावाने मारली. भंडाऱ्याच्या कोर्टाने सहा जणांना फाशी दिली, पण जात काही दिसली नाही, अ‍ॅट्रॉसिटी लागली नाही. 2010 मध्ये आपल्या नागपूर खंडपीठालाही ती दिसली नाही. हा सूड होता असं ठरलं आणि फाशीच्या जागी 25 वर्षं आली. त्या सहांना लटकवायला हवं होतं असं माझं म्हणणं नाही. बाबासाहेबांनी 1949 मध्येच संविधान सभेत सांगितलं होतं, की फाशीची शिक्षाच रद्द करावी. दीक्षाभूमीवर दरवर्षी लाखोंची गर्दी होते, हे वाक्य मात्र कुठल्या बॅनरवर पाहिल्याचं आठवत नाही. मला फक्त एवढाच प्रश्न पडतो, की फाशी फक्त ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ गुन्ह्यालाच द्यायची असं सुप्रीम कोर्ट म्हणतं, तर ते मोजायची पट्टी कुठल्या दुकानात मिळते? 1980 पासून वापरात आहे म्हणतात.

वकिलाचं काय सांगू? पैसे असतील तर तुम्हाला माझा सल्ला नको, नसतील तर सरकार देईल तो.

आणि शाळेचा दाखला सांभाळा. हे गमतीत घेऊ नका. राजस्थानातल्या एका पोराला पुण्यातल्या 1994 च्या खून खटल्यात फाशी झाली. गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता, हे गावच्या शाळेच्या रजिस्टरवरून सुप्रीम कोर्टाने मान्य केलं 2023 मध्ये. आपल्याच तुरुंगातून तो बाहेर आला तेव्हा 28 वर्षं आत काढून झाली होती. तेव्हा दाखल्याच्या चार झेरॉक्स काढा, एक लॅमिनेट करा, एक मावशीकडे ठेवा. मूळ प्रत मात्र ठाण्यात कोणी मागितली तरी देऊ नका.