ऊस असा जळत नाही!

काल रात्री मालिकेत ऊस पेटवला. खलनायक चुलत्यानं बांधावर पेट्रोलचा कॅन ओतला, काडी ओढली, आणि सकाळी कॅमेरा फिरला तर तीन एकरांत नुसती राख. एक कांडं उभं नाही. नायिकेचा बाप त्या राखेत गुडघे टेकून ओरडतोय, "समदं संपलं, आता एक रुपाया मिळायचा न्हाई!" मग तो बाप गोठ्यात जातो, दावणीचा दोर सोडतो, दोराकडं बघत बसतो. तिथं एपिसोड संपला. पुढचं आज रात्री.

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्ती म्हणतो, लसूण सोलत बसल्या होत्या. वाळवा तालुक्यात उभी हयात उसाच्या बांधावर गेलेली बाई. हातातला लसूण ताटात टाकला आणि म्हणाल्या, "ह्यास्नी कुणी सांगितलं ऊस आसा जळतोय म्हणून?"

मलाही तेच विचारायचंय. कुणी सांगितलं? ज्यानं हा प्रसंग लिहिला, ज्यानं वाचून मंजूर केला, ज्यानं राख आणून पसरायला सांगितली, एवढ्या सगळ्या माणसांत जळका फड डोळ्यानं बघितलेला एकही माणूस नव्हता?

ऊस पेटला की पाला जळतो. पाचट जळतं, वाढं म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला करपतो, आणि ते इतकं भडाभडा जळतं की अर्ध्या तासात सगळा आवाज संपतो. मागं ऊस उभाच असतो. काळा पडलेला, चिकट, हात लावला की काजळी कोपरापर्यंत येते, पण उभा असतो. आणि तो कारखान्याला जातो! जळीत ऊस म्हणून जातो. दरात कपात होते, वजनात मार बसतो, साखरेचा उतारा पडतो, पण जातो. कारखान्याकडं उसाची नोंद असलेला प्रत्येक शेतकरी हे जाणतो. नोंद नसलेलाही जाणतो. शाळकरी पोरांना ठाऊक आहे.

खरी पळापळ त्या अर्ध्या तासानंतर सुरू होते. तीच दाखवायला पाहिजे होती. जळका ऊस उभा राहिला की दिवसागणिक वजन उतरतं, म्हणून त्याच रात्री कारखान्याच्या गट ऑफिसच्या साहेबाला फोन, तोडणी टोळीच्या मुकादमाला फोन, तलाठ्याला फोन. पंचनामा पाहिजे. टोळी पाहिजे. टोळी दुसऱ्याच्या फडात घुसलेली असते, तो दुसरा सोडत नाही, आणि तो दुसरा बहुतेक वेळा भावकीतलाच असतो. त्यात तोडणारे म्हणतात, जळक्यात वाढं मिळत नाही, वाढं विकून आमचे चार पैसे सुटतात, ते कोण देणार? त्यावर घासाघीस. ट्रॅक्टरवाला वेगळी एंट्री, म्हणजे वरचे पैसे मागतो. घरातला कर्ता माणूस काजळीनं काळा होऊन चार जणांच्या हातापाया पडतोय, बायको घरात बसून हिशोब करतेय की कपात जाऊन सोसायटीचं कर्ज किती फिटेल. एवढं सगळं समोर असताना राख? मूठभर राख आणि वर व्हायोलिन?

आणि दोर! याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. ज्या संकटातून आमच्याकडची माणसं दरवर्षी धडपडत बाहेर येतात, त्या संकटात यांनी बापाच्या हातात दोर दिला. का, तर एपिसोड टांगणीला ठेवायचा होता. शेतकऱ्यांच्या आत्महत्या ही या राज्यात घराघरांतली जखम आहे. कुणाच्या तरी घरात काल तो प्रसंग बघताना माणसं उठून बाहेर गेली असतील. निदान कारण तरी खरं घ्या. कारण खोटं, नुकसान खोटं, राख खोटी, आणि मरणाचा विचार तेवढा खरा वाटला पाहिजे, ही कुठली पद्धत?

मुळात आग लागते कशी, तेही बघा. दरवेळी चुलता पेटवतो. आमच्याकडं उसाला आग लागते ती बऱ्याचदा लोंबकळणाऱ्या तारांनी. वारं सुटलं की तारेला तार घासते, ठिणगी पडते, आणि एका फडातून चार जणांचे फड जातात. मग भरपाईसाठी वर्षभर हेलपाटे. यात खलनायकाला मिशा नाहीत, कपाळावर आडवं गंध नाही, म्हणून मालिकेला तो नको असतो.

त्याआधी सोमवारी नायिका त्याच उसातून पळाली होती. रात्रीची. जरीची साडी, गजरा, बिनबाह्यांचा ब्लाऊज. दोन सऱ्यांमधून सरळ रस्त्यावरून पळावी तशी पळत गेली आणि पलीकडं निघाली तेव्हा अंगावर एक ओरखडा नाही. आडसाली लागण, सोळा-सतरा महिन्यांचा ऊस, निम्मा आडवा पडलेला, त्यात दिवसाढवळ्या माणूस चार पावलं नीट टाकू शकत नाही. पाल्याची धार कानशील चिरते. पाल्यावरची बारीक कूस अंगाला लागली की रात्रभर झोप नाही. आमच्याकडच्या बायका उसात जाताना जुना फुल शर्ट घालतात, डोक्याला टॉवेल गच्च बांधतात, ते काही हौस म्हणून नव्हे. शिराळा-कराडच्या पट्ट्यात तर उसात बिबट्या पिल्लं घालतो. रात्री पाणी पाजायला जाणारा माणूस बॅटरी आणि काठी घेतल्याशिवाय बांध ओलांडत नाही. वीज रात्रीची येते म्हणून जावं लागतं, तेव्हा घरी बायको जागी असते. हा प्रसंग मी अजून एकाही मालिकेत बघितलेला नाही. गजऱ्यातली पळापळ मात्र दर महिन्याला.

आता विषय निघालाच आहे तर पुराचंही सांगते. आधीच्या एका मालिकेत पूर आला होता. नदीकाठचं गाव, पाणी घरात, नायिका सासूला पाठीवर घेऊन बाहेर. दुसऱ्या दिवशी सगळं कुटुंब त्याच घरात, भिंती पांढऱ्या, पडदे इस्त्रीचे, देवघरात समई तेवतेय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. ४५ फूट ही धोक्याची पातळी. सांगलीत त्या आठवड्यात कुणी कुणाला "कसे आहात" विचारत नव्हतं, "किती फूट झालं" एवढंच विचारत होते. आणि पाणी उतरल्यावरचे दिवस त्याहून वाईट. घरात घोट्याएवढा चिखल, फ्रीज आडवा पडलेला, गाद्या कुजलेल्या, धान्याला कोंब, भिंतीवर पाण्याची रेघ. तो वास आठवला तरी पोटात ढवळतं. शाळांमध्ये, मंगल कार्यालयांत पोरंबाळं घेऊन राहिलेली माणसं तीच मालिका बघत होती. त्यांच्यासमोर तुम्ही पांढरी भिंत दाखवलीत.

आणि अंगठा! म्हातारा बेशुद्ध, चुलत्यानं कोऱ्या स्टँपपेपरवर अंगठा उठवला, आणि पुढच्या प्रसंगात सगळी इस्टेट त्याच्या नावावर. घरातल्या बायका पिशव्या घेऊन उंबऱ्याबाहेर. वर्षानुवर्षं हेच चाललंय. दुय्यम निबंधकासमोर दस्त नाही, तिथं फोटो नाही, साक्षीदार नाहीत, सातबाऱ्यावर फेरफार नाही, फेरफाराची नोटीस नाही, हरकतीची मुदत नाही. तलाठी नावाचा प्राणी त्या गावात राहतच नाही. वर आणि २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क दिला, हे त्या घरातल्या एकाही शिकलेल्या मुलीला माहीत नाही. नायिका वकील दाखवलीय, तरी माहीत नाही!

"मालिका आहे, मनावर कशाला घ्यायचं," असं म्हणणाऱ्यांनी आमच्या गल्लीत यावं. एका मावशींच्या भावानं साध्या कागदावर सही घेतली होती आणि मावशी धरून बसल्या होत्या की आपला हक्क गेला. का, तर टीव्हीत असंच होतं. त्यांना वकिलाकडं न्यायला आम्हाला किती समजूत घालावी लागली. दुपारभर, रात्रभर ज्या घरात टीव्ही हाच बाहेरच्या जगाचा दरवाजा आहे, तिथं मालिकेतला कायदा हाच कायदा असतो, मालिकेतला दवाखाना हाच दवाखाना. नाकात ऑक्सिजनची नळी, डोक्याला पट्टी, आणि आयसीयूत अख्खं कुटुंब चपला घालून उभं! हार्टअटॅकला छातीवर हात ठेवून पाच मिनिटं संवाद. अशा वेळी तातडीनं काय करायचं, हे त्या पाच मिनिटांत दाखवलं असतं तर कुणाचा जीव वाचला असता.

भाषेबद्दल तर काय बोलावं. कॅमेरे साताऱ्याकडं, वाईकडं येतात, वाडे आमचे, घाट आमचे, ऊस आमचा, आणि तोंडात घातलेली बोली कुठल्याच गावची नाही. प्रत्येक वाक्याला "व्हय" आणि "आवं" चिकटवलं की झालं ग्रामीण. आमच्याकडची बाई "मी येतो की मग" म्हणते, ती लय, तो ठसका त्या संवादांत शोधून सापडत नाही. आणि अशी बोली कुणाच्या तोंडी? नोकराच्या, भोळ्या सासऱ्याच्या, विनोदी मित्राच्या. नायक शिकला की लगेच पुण्याचा होतो.

हे सगळं मला सांगलीत बसून बघावं लागतंय, म्हणून जास्त झोंबतं. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी इथं मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला, त्या तारखेला आजही आपण मराठी रंगभूमी दिन पाळतो. आणि इथल्याच हरिपूरच्या नाटककार देवलांनी १८९९ साली 'संगीत शारदा' रंगभूमीवर आणलं. त्यात काय होतं? पैशाच्या लोभानं पोरगी म्हाताऱ्याला द्यायला निघालेला बाप. त्या काळच्या आळीआळीतली गोष्ट. ती बोलणी, ते मध्यस्थ, ती देण्याघेण्याची भाषा, सगळं लोकांच्या घरातलं. गाणी होती, विनोद होता, कुणी कंटाळून उठून गेलं नाही. शेजारच्या घरात काय चाललंय ते देवलांनी नीट ऐकलं होतं. सव्वाशे वर्षांनंतर, हातात मोबाइल आणि गाडी असताना, मालिका लिहिणाऱ्याला गट ऑफिसला एक फोन लावता येत नाही?

चॅनेलवाल्यांचं ठरलेलं उत्तर मला पाठ आहे. लोकांना दिवसभराच्या कटकटीनंतर स्वप्न बघायचं असतं. बघू दे की! पण मग ऊस कशाला दाखवता? शेतकरी बाप, कर्ज, सातबारा, हे सगळं कशाला? खऱ्या दुःखाचा कळवळा आमच्याकडून उसना घ्यायचा आणि खरेपणाची मेहनत मात्र करायची नाही, हे चालणार नाही. आणि मालिका रोज करावी लागते, वेळ नसतो, हेही नको. राख आणून पसरायला वेळ होता. तेवढ्याच वेळात काळा झालेला ऊस शूट करता आला असता. हंगामात कुठल्याही पेठेतून निघा, तासाभरात एखादा जळीत फड दिसेल.

त्या फडात उतरलात तर आणखी माणसं दिसतील. बीडकडून तोडणीला आलेली, कोप्यांत म्हणजे झोपड्यांत राहणारी. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, मजुरीची आगाऊ उचल घेतलेली म्हणून हंगाम सोडून जाता येत नाही. पहाटेच्या थंडीत बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते, खाली पाचटावर बाळ झोपलेलं. याच बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी २०१९ साली देशभर गाजली, सरकारला समिती नेमावी लागली. रोज रात्री बायकांसाठी म्हणून जे तासन्‌तास दाखवलं जातं, त्यात मला ही बाई कधी दिसली नाही. कालच्या एपिसोडमध्ये ऊस कोण तोडत होतं माहितीये? नायिका आणि तिच्या दोन जावा. हिरव्या बांगड्या घालून, विळ्यानं, गाणं म्हणत.

आता रविवारच्या महाएपिसोडची जाहिरात लागतेय. नायिका गावातल्या बायकांचा मोर्चा घेऊन कारखान्यावर जाणार, अध्यक्षांसमोर भाषण करणार, आणि ते पाघळून तिथल्या तिथं नुकसानीचा चेक तिच्या हातात देणार. बाप दोर टाकून हसणार. अहो, उसाचं बिल हातात कुणी देत नाही! बिल बँकेत जातं, सोसायटीचं कर्ज आधी वळतं होतं, उरलं तर खात्यावर दिसतं. उसाचे पैसे १४ दिवसांत द्यायचे हा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातला नियम आहे, आणि त्यासाठी आमच्याकडची माणसं रस्त्यावर बसलीत, लाठ्या खाल्ल्यात, वाहनांच्या चाकातली हवा सोडलीय. त्यातलं एक आंदोलन नीट दाखवा, मी रविवारी काय, रोज बघीन.