भंगारातला पेंटियम आणि ‘फुकटचा’ थिन क्लायंट

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या मराठी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. शाळेसाठी भंगारातून पेंटियम ४ चे जुने संगणक आणा, विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटची प्रणाली टाका, झाले थिन क्लायंट, म्हणजे मधल्या मोठ्या संगणकाच्या (सर्व्हरच्या) जोरावर चालणारे छोटे संगणक. लिनक्स हलकं, म्हणून वीजही लागत नाही. ते नको तर अँड्रॉइड टीव्ही बॉक्स किंवा रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक घ्या. लिनक्सवर कन्नड-मराठी सगळं चालतं. मी सोडून दिलं असतं, पण एसडीएमसीवर, म्हणजे शाळेच्या समितीवर असलेले आमचे मामा भंगारवाल्याला इसार द्यायला निघाले. “अरे, फुकटात मिळतंय की!”

मामा, वीज लिनक्स खात नाही, डबा खातो. इंटेलच्या स्वतःच्या तक्त्यात पेंटियम ४ च्या ५३० मॉडेलपुढे ८४ वॅट लिहिलंय. २०२३ साली आलेल्या त्यांच्याच एन१०० या छोट्या प्रोसेसरपुढे ६ वॅट. हा आकडा नुसत्या प्रोसेसरच्या उष्णतेचा, बिलाचा नव्हे, हे मान्य. म्हणून प्लगला वॅटमीटर लावून बघा: जुना डबा मॉनिटर सोडून ८०-१०० वॅट सहज ओढतो, पंखा नसलेला छोटा थिन क्लायंट दहा-पंधरा. दहा मशिनं पाच तास चालवली तर एकीकडे दिवसाला चार-पाच युनिट, दुसरीकडे फार तर पाऊण युनिट. बरं, बिल भराल हो. पावसाळ्यात हेस्कॉमची (वीज कंपनीची) लाइन गेल्यावर काय करणार? दहा पेंटियम आणि दहा एलईडी मॉनिटर मिळून हजार वॅटच्या वर जातात. शाळेतला ८५० व्हीएचा इन्व्हर्टर तिथंच बोंबलतो. तेवढेच थिन क्लायंट मॉनिटरसकट तीनशे वॅटच्या आत बसतात आणि १५० एएचची धड बॅटरी तीन-चार तास निभावते. लिनक्सनं वीज वाचते म्हणणाऱ्यानं हा हिशेब कधी मांडलाय का?

मेसेजवाल्यांचं आणखी एक म्हणणं: ‘थिन क्लायंट नुसता पडदा दाखवतो, कसलंही मशीन चालतं.’ यात अर्धं खरं आहे, नाइलाजानं मानतो. १९९९ च्या सुमारास एलटीएसपी हे लिनक्सवर थिन क्लायंट चालवायचं सॉफ्टवेअर सुरू झालं तेव्हा प्रोग्राम सर्व्हरवर चालायचे आणि समोरचा डबा कसलाही चालायचा. पण २०१९ मध्ये एलटीएसपी नव्यानं लिहिलं गेलं. आता क्लायंट नेटवर्कवरून सर्व्हरवरच्या लिनक्सची तयार प्रत (इमेज) घेऊन सुरू म्हणजे बूट होतो, पण ब्राउझर चालतो त्याच्याच प्रोसेसरवर आणि रॅमवर. ५१२ एमबीच्या पेंटियमवर मुलांना यूट्यूबचा धडा लावून दाखवा, मग बोलू. शिवाय बरेचसे पेंटियम ४ ३२-बिटचे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्सच्या आवृत्तीत त्यांच्यासाठी ना इन्स्टॉलर आहे ना कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा.

टीव्ही बॉक्सचं तर नावच काढू नका. त्यांना पीसीसारखा बायोस, म्हणजे मशीन सुरू करून देणारा ठरावीक प्रोग्राम, नसतो. एका बॉक्सवर चाललेलं लिनक्स दिसायला तसल्याच दुसऱ्यावर चालेल याची खात्री नाही, कारण आतली चिप वेगळी निघते. खोक्यावर छापलेली रॅम आत असेलच असंही नाही. असल्या अनेक स्वस्त बॉक्समध्ये मालवेअर आधीच भरलेलं येतं. जून २०२५ मध्ये एफबीआयनं त्याबद्दल जाहीर इशारा दिला. शाळेच्या नेटवर्कवर हे हवंय?

रास्पबेरी पाय चांगला आहे, पण सांगतात ती किंमत नुसत्या बोर्डची. अ‍ॅडॉप्टर, डबी, कार्ड, मायक्रो एचडीएमआय केबल धरून बेरीज करा.

टायपिंगचं मात्र मेसेज बरोबर सांगतो. मराठी आणि कन्नड दोन्ही इनस्क्रिप्ट या कीबोर्डनं लिनक्सवर होतं. फक्त नुडी या कन्नड सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टातल्या फायली युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात.

घ्यायचंच तर ऑफिसांतून निघालेले थिन क्लायंट घ्या: डेल वाइज ५०७०, नाहीतर थोडा जुना एचपी टी६२०. पहिल्याचा प्रोसेसर १० वॅटचा, दोन्ही ६४-बिट, दोन्हीत रॅम वाढवता येते. निदान ४ जीबी असू द्या. व्हीआयए कंपनीच्या प्रोसेसरचे त्याहून जुने थिन क्लायंट कितीही स्वस्त मिळाले तरी नको. आणि अ‍ॅडॉप्टर सोबत आहे का, हे पैसे देण्याआधी बघा. लॉटमध्ये नेमका तोच गायब असतो, आणि बाजारातल्या वाटेल त्या चार्जरची पिन एचपीला बसत नाही. एक मशीन शाळेत आणून नेटवर्कवरून बूट करून दाखवायला सांगा. विकणारा कां-कूं करू लागला, तर इसार खिशातच ठेवा.