‘आधी व्याकरण पक्कं करा, भीती आपोआप जाईल’: नाही जात

पुण्यात कॉलेजं सुरू झाली की एक मेसेज हमखास फिरतो: ‘मराठी माध्यमाची मुलं इंग्रजी बोलायला घाबरतात, कारण व्याकरण कच्चं. आधी ते पक्कं करा, मराठीत विचार करणं सोडा, रोज आरशासमोर बोला. भीती आपोआप जाते.’ गावाकडून आलेली मुलं हे मनापासून पाळतात आणि वर्गात वर्षभर गप्प बसतात. म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आधी व्याकरण. पेपरात ‘वेन्ट’ बिनचूक लिहिणारी मुलगी तोंडी परीक्षेत ‘आय गो... वेन्ट...’ करत अडते. नियम तिला येतो. पण बोलताना काय सांगायचं ते ठरवणं, शब्द जुळवणं आणि उच्चार हे सगळं एकदमच चालतं. त्यात ‘चुकलं तर हसतील’ हे डोक्यात आलं की वाक्य तुटतं. परकी भाषा शिकण्याच्या भीतीवर काम करणाऱ्या संशोधक एलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली ही भीती मोजायला ३३ विधानांची प्रश्नावली केली, तिच्या मुळाशी तीन गोष्टी धरल्या होत्या: बोलण्याची धास्ती, परीक्षेची भीती आणि लोक नावं ठेवतील ही भीती. यातली एकही व्याकरणाच्या जादा क्लासने जात नाही.

मराठी बंद केली तर सुचणंच बंद होतं. उलट बोलण्याआधी २ मिनिटं मराठीत ठरवू द्या आणि कागदावर फक्त ५ इंग्रजी शब्द लिहू द्या. पूर्ण वाक्यं लिहिली की मुलं ती वाचून दाखवतात.

आरसा प्रश्न विचारत नाही, हसतही नाही. धास्ती माणसांची आहे, सवयही माणसांसमोरच व्हायला हवी.

त्यासाठी ४-३-२ पद्धत घ्या. विषय सोपा हवा, उदाहरणार्थ स्वारगेटहून विद्यापीठात कसं यायचं. तेच एकाला ४ मिनिटांत सांगायचं, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला २. मजकूर तोच असल्याने शब्दांची शोधाशोध कमी होते, वेग येतो. नवख्यांना ३-२-१ पुरे. ऐकणारा बदललाच पाहिजे, नाहीतर ‘हे सांगितलंय’ म्हणत अर्धं गाळलं जातं. बाक हलत नसतील तर एका रांगेने एकेक जागा पुढे सरकावं. गलका होईल, होऊ द्या. त्यात कुणाची चूक सगळ्या वर्गाला ऐकू जात नाही. मध्ये दुरुस्ती करू नका. फेऱ्या संपल्यावर दोन-तीन चुका नाव न घेता फळ्यावर लिहा.

आणि पहिलं सत्र तरी हजेरी क्रमांकाने उभं करणं टाळा. आपला नंबर येईपर्यंत मुलगी दुसऱ्याचं काही ऐकत नाही, स्वतःचं एकच वाक्य घोकत बसते.