सोमवारी बोलू

अभिनंदन! हाताखाली बारा माणसं आली आहेत आणि ती अजून हसत कामाला येतात. घाबरू नका, यावर उपाय आहे.

पहिली गोष्ट, आरडाओरडा करायचा नाही. ओरडणाऱ्या साहेबाची सवय होते, आणि ओरडून झालं की विषय संपतो. विषय संपूच द्यायचा नाही, इथेच तर खरं कसब आहे. शुक्रवारी संध्याकाळी पावणेसातला एवढाच मेसेज टाका : 'एका गोष्टीबद्दल बोलायचं होतं. सोमवारी बोलू.' आणि फोन बंद करून निवांत झोपा. पुढचं काम समोरचा स्वतःच करतो, तेही बिनपगारी. शनिवारी तो तीन महिन्यांच्या मेल उकरून काढतो, रविवारी घरच्यांच्या प्रत्येक प्रश्नाला 'हं' म्हणतो, रात्री दोनला छताकडे बघत तुमच्याशी अख्खा वाद घालतो आणि हरतो. सोमवारी तुम्ही विचारायचं, 'अरे, तुझी ती खुर्ची कुठून मागवली होती?'

हे दर आठवड्याला मात्र करू नका. ठरलेल्या दिवशी येणारं दुखणं माणूस अंगवळणी पाडून घेतो. कधी येईल ते कळत नसेल, तर रोजच वाट बघतो. (मी स्वतः एका 'बोलू'वर सतरा दिवस काढले आहेत. साहेब विसरले होते.)

आता थोडं शास्त्र. १९७९ साली अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कारासेक यांनी कामाच्या ताणाचं गणित मांडलं. नुसतं काम जास्त असून भागत नाही. अपेक्षा डोंगराएवढ्या आणि निर्णयाचा अधिकार राईएवढा, अशी जोडी जमली की ताण चढतो. बिचाऱ्यांनी इशारा म्हणून लिहिलं, तुम्ही पाककृती म्हणून वाचा. 'हा प्रोजेक्ट पूर्णपणे तुझा' असं चारचौघांत जाहीर करा, आणि मग मेलमधला स्वल्पविरामसुद्धा तुम्हाला विचारून टाकायला लावा.

चुकांचं काय? व्यवस्थापनाच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांना रुग्णालयांतल्या टीम अभ्यासताना उलटंच काही दिसलं : चांगल्या चालणाऱ्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त. तिथे लोक चूक झाली की सांगून टाकत होते. तुम्हाला असला बट्टा नको. पहिला कोणी 'सर, माझ्याकडून चुकलं' म्हणाला, की मीटिंगमध्ये सगळ्यांकडे बघत हसा आणि म्हणा, 'धाडस आहे हं!' बस, एवढं पुरतं. त्यानंतर तुमच्या टीमकडून एकही चूक होणार नाही. ग्राहक का सोडून गेला, हे मात्र तुम्हाला ग्राहकाकडूनच कळेल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने नैराश्य आणि चिंतेपायी जगात दरवर्षी १,२०० कोटी कामाचे दिवस बुडतात. तुमच्या हजेरीपटावर त्यातला एकही दिसता कामा नये. रजा नामंजूर करा. खुर्ची भरलेली, स्क्रीन चालू, नावापुढे हिरवा ठिपका. बाकी माणूस कुठे का असेना.

वर्षअखेरीला 'तुम्ही कामात किती रमता' छापाचं सर्वेक्षण येईल. पूर्णपणे निनावी. फक्त विभाग, वय, हुद्दा, नोकरीची वर्षं आणि साहेबाचं नाव, एवढंच भरायचं असतं. बाराच्या बारा जण पाचपैकी पाच गुण देतील. त्यातले चौघे त्या दिवशी 'दाढ दुखतेय' म्हणून उशिरा आलेले असतील. चौघेही कडक इस्त्रीच्या शर्टात.