हातात गिअर आहे म्हणून लक्ष रस्त्यावर आहे, असे नाही

गेल्या काही महिन्यांपासून आमच्या तालुक्यातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे की, गिअरच्या गाडीत चालकाचा एक हात आणि एक पाय सतत कामात असल्यामुळे त्याला मोबाईल धरता येत नाही आणि झोपही लागत नाही. ऑटोमॅटिक गाडी मात्र माणसाला सुस्त करते, घाटात ताब्यात राहत नाही, ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबायला लावते, आणि म्हणून मुलामुलींना आधी गिअरचीच गाडी शिकवावी. यवतमाळ जिल्ह्यात मी 17 वर्षे गाडी चालवायला शिकवतो आहे, दोन्ही प्रकारच्या गाड्यांवर शिकवतो, आणि हा मजकूर मला धोक्याचा वाटतो. आपल्या भागातल्या बहुसंख्य चारचाकी अजूनही गिअरच्याच आहेत, आणि हा मजकूर नेमक्या त्याच चालकांना तुम्ही सुरक्षित आहात असा दिलासा देतो.

मोबाईलचा मुद्दा आधी घेतो, कारण तो तपासायला फार वेळ लागत नाही. फोन खांदा आणि कान यांच्यात दाबून दुसरा-तिसरा गिअर टाकणारे चालक कोणत्याही बाजाराच्या दिवशी बसस्थानकासमोर दिसतात. शिवाय प्रश्न हाताचा नसून डोळ्यांचा आहे. ताशी 80 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे 22 मीटर पुढे जाते. तीन सेकंद नजर पडद्यावर गेली की 66 मीटर रस्ता न पाहता कापला जातो, आणि कापसाच्या हंगामात तेवढ्या अंतरात मागे दिवा नसलेली बैलबंडी असू शकते किंवा शेतातून अचानक रोही (नीलगाय) आडवा येऊ शकतो. हातात फोन घेऊन गाडी चालवणे 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये धोकादायक वाहन चालवण्यात मोडते, आणि त्या कलमाने गिअरच्या चालकाला कोणतीही सूट दिलेली नाही.

झोपेचा मुद्दा मात्र सविस्तर पाहायला हवा, कारण खरे नुकसान तिथे होते. ‘सतत कामात’ हे शब्द गावातल्या रस्त्याला लागू पडतात. मोकळ्या महामार्गाला पडत नाहीत. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा आहे, त्यावर सिग्नल नाही, चौक नाही, आणि मोटारींना सपाटीवर ताशी 120 किलोमीटरपर्यंत मुभा आहे. एकदा शेवटचा गिअर पडला की तासभर क्लचला पाय लावायचे कारण उरत नाही, आणि त्या तासात गिअरची गाडी आणि ऑटोमॅटिक गाडी चालकाकडून सारखेच काम मागतात. म्हणजे पेंग येण्याचा धोका जिथे सर्वांत मोठा, तिथेच गिअरचा हा कथित पहारा उठलेला असतो.

हे मी स्वतः भोगलेले आहे. काही वर्षांपूर्वी लग्नसराईत पुसदहून दिग्रसमार्गे परत येत असताना, पहाटे साडेतीनच्या सुमारास, गिअरच्या दांड्यावर हात असतानाच माझा डोळा लागला. डावी चाके डांबराखाली उतरून मुरमावर खडखडली तेव्हा मी जागा झालो. मागच्या सीटवर माझी बहीण आणि तिची दोन मुले होती. माझ्या हातातला गिअर त्या रात्री त्यांच्या काहीही उपयोगाचा नव्हता. मी आदल्या रात्रीही जागलो होतो, आणि तेवढे एकच कारण पुरेसे होते.

मोटार वाहतूक कामगार अधिनियम 1961 साली आला. त्यात चालकाला दिवसाला आठ तासांची मर्यादा आणि पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली होती. त्या काळी आपल्या रस्त्यांवरचे ट्रक आणि बसगाड्या जवळपास सगळ्याच गिअरच्या होत्या, तेही आजच्यापेक्षा कितीतरी जड क्लचच्या. क्लच दाबल्याने माणूस जागा राहिला असता, तर ही विश्रांती कायद्यात लिहिण्याची वेळच आली नसती.

आता ‘गिअरमुळे लक्ष वाढते’ या दाव्याकडे येतो. त्याला थोडा आधार आहे, आणि तो लपवणे योग्य नाही: 2006 साली अमेरिकेत, लक्ष टिकवण्याचा विकार असलेल्या मोजक्या किशोरवयीन मुलांवर एक प्राथमिक अभ्यास झाला, आणि ती मुले गिअरच्या वाहनात अधिक सावध आढळली. परंतु तो निष्कर्ष त्या मुलांपुरता आहे. सर्वसाधारण चालकांबाबत इस्रायलमधील डेव्हिड शिनार आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 1998 चा अभ्यास अधिक जवळचा आहे. त्यात नवशिक्या चालकांपैकी गिअरची गाडी चालवणाऱ्यांच्या नजरेतून रस्त्यावरच्या पाट्या अधिक निसटल्या, आणि अनुभवी चालकांमध्ये दोन्ही गाड्यांत असा फरक दिसला नाही. शिकवताना मी रोज हेच पाहतो: पहिल्या पंधरवड्यात शिकाऊ मुलगी गिअरच्या दांड्याकडे खाली पाहते आणि समोरचा गतिरोधक तिला दिसत नाही, पुढे सराव झाला की हात आपोआप चालतो, आणि आपोआप चालणारा हात लक्ष मागतही नाही, देतही नाही. म्हणून ‘आधी गिअरचीच’ हा आग्रह मी धरत नाही. ज्याच्या घरी जी गाडी आहे, तिच्यावर त्याने आधी रस्ता वाचायला शिकावे.

घाटाविषयीचा आक्षेप अर्धवट माहितीतून आलेला आहे. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाणारे जुने चालक सांगत आले आहेत की, ज्या गिअरने घाट चढायचा त्याच गिअरने उतरायचा, म्हणजे इंजिनच गाडीला धरून ठेवते आणि ब्रेक तापत नाहीत. हे ऑटोमॅटिकमध्येही करता येते; दांडा ‘डी’ या नेहमीच्या खाचेवरून हाताने गिअर निवडण्याच्या खाचेत किंवा ‘एल’ म्हणजे खालच्या गिअरच्या खाचेत घ्यावा लागतो, इतकेच. आपल्याकडे 2014 मध्ये मारुती सेलेरिओपासून रुळलेल्या एएमटी प्रकारात तर आतली गिअरपेटी आणि क्लच नेहमीचेच असतात, फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम यंत्रणा करते. अशा काही गाड्या चढावर थांबून निघताना मागे सरकतात हे खरे आहे, आणि तिथे हँडब्रेक लावून निघायची सवय हवी. पण उतारावर पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करून सोडण्याची आपल्याकडची घातक सवय गिअरच्याच गाडीवाल्यांमध्ये मला सर्वाधिक दिसते. इंधन-इंजेक्शनच्या इंजिनात गिअर टाकून उतरताना पेट्रोल जवळपास बंदच होते, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहते. त्यामुळे त्या सवयीने बचतही होत नाही आणि सगळा भार एकट्या ब्रेकवर पडतो.

चुकीचे पेडल दाबले जाण्याच्या मुद्द्यात तथ्य आहे. गिअरच्या गाडीत घाबरलेला चालक क्लचही दाबतो, त्यामुळे इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोहोचत नाही. ऑटोमॅटिकमध्ये ही सोय नाही. उलट बाजूने, गिअरची सवय असलेला माणूस ऑटोमॅटिकमध्ये डाव्या पायाने क्लच समजून ब्रेक दाबतो आणि गाडी जागीच थांबते. म्हणून गाडी बदलून येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिले तीन दिवस गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात नेतो, डावा पाय सीटखाली मागे घ्यायला लावतो, टाच ब्रेकसमोर टेकवून उजव्याच पायाने दोन्ही पेडल चालवून घेतो, आणि पन्नास वेळा न चुकता थांबता येईपर्यंत डांबरी रस्त्यावर गाडी आणू देत नाही.