गेम बनवण्याआधी सी प्लस प्लस ‘पूर्ण’ करण्याची अट चुकीची आहे

संगणकावरचे गेम स्वतः बनवायचे आहेत, सुरुवात कुठून करू, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले की त्याला एक ठरावीक सल्ला हमखास मिळतो, आणि तो कित्येक वर्षे जवळजवळ त्याच शब्दांत पुढे पाठवला जात आहे. त्याचा गोषवारा असा: आधी सी आणि सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंगच्या भाषा पूर्ण करा, कारण खरे गेम त्याच भाषेत होतात, स्क्रॅच (रंगीत ब्लॉक जोडून प्रोग्रॅम बनवण्याचे साधन) हा लहान मुलांचा खेळ आहे, त्यात वेळ घालवू नका, बारावीचे गणित पक्के नसेल तर या वाटेला जाऊ नका, फुकटच्या साहित्यावर विसंबू नका, भारी लॅपटॉप आणि पैसे भरून घेतलेला अभ्यासक्रम लागतोच, आणि इंग्रजी कच्चे असेल तर हा नाद सोडा. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, यात मला शंका नाही. परंतु यातल्या प्रत्येक विधानात तथ्य थोडे आणि चूक पुष्कळ आहे, आणि ती चूक नेमकी अशा विद्यार्थ्याला भोवते ज्याच्याजवळ उत्साहाखेरीज दुसरे भांडवल नाही.

सी प्लस प्लसपासून सुरुवात करू. मोठ्या कंपन्यांच्या गेममध्ये आणि अनरीअलसारख्या गेम इंजिनात, म्हणजे गेम बनवण्याच्या तयार सॉफ्टवेअरमध्ये, ही भाषा वापरली जाते, कारण मेमरी आणि वेग यांवर तिच्याइतके नियंत्रण देणाऱ्या भाषा थोड्या आहेत. हे मान्य करायला हवे. मात्र ‘खरे गेम त्याच भाषेत होतात’ हे विधान वस्तुस्थितीला धरून नाही. एरिक बॅरोन यांनी एकट्याने घडवलेला ‘स्टारड्यू व्हॅली’ हा २०१६ चा गेम सी शार्पमध्ये लिहिला आहे. २०१५ चा ‘अंडरटेल’ गेममेकर या साधनात तयार झाला. या साधनाची पहिली आवृत्ती १९९९ मध्ये नेदरलँड्समधले प्राध्यापक मार्क ओव्हरमार्स यांनी काढली होती. २०२४ मध्ये जगभर गाजलेला ‘बालात्रो’ हा पत्त्यांचा गेम लुआ या छोट्याशा भाषेत आहे, आणि लुआचा जन्म १९९३ मध्ये ब्राझीलमधल्या रिओच्या एका विद्यापीठात झाला. लाखो लोकांनी विकत घेतलेल्या या तिन्ही गेमना ‘खरे’ न म्हणण्याचे कोणतेही कारण मला दिसत नाही.

तथापि माझा मुख्य आक्षेप भाषेच्या नावापेक्षा ‘आधी पूर्ण करा’ या शब्दांवर आहे. कोणताही गेम आतून पाहिला तर त्यात एक न थांबणारा लूप असतो: खेळणाऱ्याने कोणते बटण दाबले ते पाहायचे, त्यानुसार सगळ्या वस्तूंची स्थिती बदलायची, नवे चित्र काढायचे, आणि हे सेकंदाला साधारण साठ वेळा पुन्हा करायचे. व्हेरिएबल (नाव दिलेली, बदलू शकणारी किंमत), अट, लूप, फंक्शन (नाव दिलेला कोडचा तुकडा) या संकल्पना याच चौकटीत एकेक करून अपरिहार्यपणे समोर येतात, आणि येताना त्या शिकणाऱ्याचा स्वतःचा प्रश्न घेऊन येतात. चेंडूचा वेग वाढवल्यावर तो भिंतीला न आपटता तिच्यातून आरपार का गेला, हा प्रश्न ज्याला पडला त्याला चेंडू सलग सरकत नसून प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक नव्या चित्राला, एक उडी घेतो आणि टक्कर झाली की नाही हे त्या उडीनंतरच तपासले जाते, हे एकदा सांगितले की पुरते. ते तो विसरत नाही. याउलट, सी प्लस प्लसच्या पाठ्यपुस्तकाने सुरुवात करणारा विद्यार्थी पहिले काही महिने पॉइंटर, हेडर फाइल आणि लिंकरच्या एरर अशा त्या भाषेच्या तांत्रिक बाबींशी झगडतो, आणि त्या सगळ्या श्रमांचे फळ म्हणून काळ्या खिडकीत पाढे उमटलेले पाहतो. त्यातून जे गळतात त्यांच्यात बुद्धीची कमतरता असते असे मला वाटत नाही. आपण जे शिकतो आहोत त्याचा आपल्या गेमशी संबंध काय, हे त्यांना कुणी दाखवलेलेच नसते. शिकण्याचे साहित्य रंजक असावे या मागणीचा अर्थ गोडवा असावा एवढाच नाही. केलेल्या बदलाचा परिणाम ताबडतोब डोळ्यांसमोर दिसावा, हा तिचा खरा अर्थ आहे.

आता स्क्रॅच. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने ते विकसित केले आणि २००७ मध्ये सर्वांसाठी खुले केले. त्यामागची विचारपरंपरा सीमोर पॅपर्ट आणि सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये तयार केलेल्या लोगो भाषेपर्यंत मागे जाते. ते मुलांसाठी बनवले हे खरे, पण त्यावरून ते पोरकट ठरत नाही. हार्वर्ड विद्यापीठाच्या सीएस५० या प्रसिद्ध अभ्यासक्रमाचा पहिला आठवडा स्क्रॅचनेच सुरू होतो, आणि तिथे बसलेले विद्यार्थी प्रौढ असतात. स्क्रॅचमध्ये प्रत्येक पात्राचा कोड स्वतंत्रपणे आणि एकाच वेळी चालतो, एक पात्र दुसऱ्याला संदेश पाठवते, एका पात्राच्या अनेक प्रती काढता येतात. ज्याला हे तिथे समजले त्याला पुढे गोडोसारख्या गेम इंजिनातले नोड (गेमचे सुटे घटक) आणि सिग्नल (त्यांनी पाठवलेले संदेश) परके वाटत नाहीत. स्क्रॅचला मर्यादा आहेतच. स्वतः बनवलेला ब्लॉक तिथे उत्तर परत देऊ शकत नाही, आणि गेम मोठा झाला की तोच तो कोड अनेक पात्रांत पुन्हा जोडत बसावे लागते. हा त्रास जाणवू लागला की पुढे सरकण्याची वेळ आली असे समजावे. त्या टप्प्यावर मायक्रोसॉफ्टचे मेककोड आर्केड उपयोगी पडते, कारण तिथे ब्लॉकनी रचलेला गेम जावास्क्रिप्टमध्ये किंवा पायथनमध्येही उघडून पाहता येतो. अठरा-वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला ब्लॉक नकोसे वाटत असतील तर त्याने थेट पायथन ही भाषा आणि तिच्यात गेम बनवण्यासाठीचे पायगेम झीरो हे साधन घ्यावे. त्यात कमीपणा नाही आणि जास्तीचे श्रेयही नाही.

गणिताबाबतचा सल्ला मला सर्वांत हानिकारक वाटतो, कारण तो मुलांना एका भीतीच्या जोरावर दुसऱ्या विषयापासूनही दूर ढकलतो. पात्राने उडी मारणे ही गोष्ट घ्या. प्रत्येक फ्रेमला उभ्या वेगात गुरुत्वाकर्षणाची एक ठरावीक संख्या मिळवायची आणि मग त्या वेगाची भर उभ्या स्थानात घालायची. एवढ्यावर पात्र वर जाते, मंदावते आणि खाली येते. यात बेरजेपलीकडे काही नाही. शत्रू किती जवळ आला हे काढायला पायथागोरसचा सिद्धांत लागतो, जो शाळेतच शिकवला जातो. वस्तू कुठे आहे हे सांगायला निर्देशक लागतात, आणि त्यांचेही शिक्षण दहावीच्या आत होते. स्क्रॅचचा मंच ४८० बाय ३६० चा असून त्याचा आरंभबिंदू मधोमध असतो आणि ‘वाय’ वर जाताना वाढतो, तर पायगेममध्ये आणि गोडोच्या द्विमितीय गेममध्ये आरंभबिंदू वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो आणि ‘वाय’ खाली जाताना वाढतो, त्यामुळे उडीचा वेग ऋण द्यावा लागतो. ऋण संख्या आणि अक्षांच्या दिशा वहीत ज्यांना निरर्थक वाटल्या होत्या, त्यांना त्या इथे हाताळताना उमगतात. त्रिमितीय गेमकडे वळल्यावर सदिश आणि मॅट्रिक्स लागतील, यात वाद नाही. पण ते लागेल तेव्हा शिकावे; प्रवेशद्वारावर त्याचा पहारा बसवू नये.

पैशांच्या मुद्द्याला थोडक्यात उत्तर पुरेसे आहे. स्क्रॅच आणि मेककोड आर्केड ब्राउझरमध्ये विनामूल्य चालतात. अर्जेंटिनात सुरू झालेले गोडो इंजिन २०१४ पासून मुक्तस्रोत आहे, साध्या लॅपटॉपवर चालते आणि त्याचा एडिटर (ज्यात गेम रचतात ते ॲप) अँड्रॉइडवरही मिळतो. त्याची जीडीस्क्रिप्ट ही भाषा अगदी शून्यापासून शिकवणारा, ब्राउझरमध्येच सराव करून घेणारा जीडीक्वेस्टचा पाठ विनामूल्य आहे. चित्रे काढता येत नसतील तर केनी या नावाने प्रसिद्ध असलेले चित्रसंच कोणत्याही अटीविना वापरता येतात.

साहित्याच्या या विपुलतेचा धोका मात्र खरा आहे, आणि त्या सल्ल्यात नेमका त्याचाच उल्लेख नसतो. तासन् तास व्हिडिओ पाहत दाखवलेला कोड जसाच्या तसा टंकत गेले की गेम तयार होतो, पण कोरी फाइल समोर आली की हात चालत नाही. पैसे भरलेल्या अभ्यासक्रमातही हे तितकेच घडते. म्हणून साहित्य निवडताना किंमत पाहण्यापेक्षा दोन गोष्टी पाहाव्यात: पहिल्याच बैठकीत खेळता येईल असे काही हाती लागते का, आणि पाठ संपताना एखादे काम तुमच्यावर सोडले जाते का. हार्वर्डचा गेम विकासाचा विनामूल्य अभ्यासक्रम थोडे प्रोग्रॅमिंग आलेल्यांसाठी आहे. त्यात ‘पाँग’ हा दोन बॅटींनी चेंडू टोलवण्याचा गेम शिकवून झाल्यावर एक बॅट संगणकाला स्वतः खेळायला लावा, असे काम दिले जाते. हे योग्यच आहे, कारण १९७२ मध्ये अटारी या गेम कंपनीत ॲलन अल्कॉर्न यांनी ‘पाँग’ बनवला तोच मुळी नव्या अभियंत्याला दिलेला सराव म्हणून.

राहिला इंग्रजीचा प्रश्न, आणि इथे अडचण खरी आहे हे मी नाकारणार नाही: बहुतेक उत्तम साहित्य इंग्रजीत आहे. तरीही सुरुवातीला लागणारे इंग्रजी म्हणजे इफ, एल्स, व्हाइल, रिटर्न असे मोजके शब्द आणि एररमधला ओळीचा क्रमांक वाचता येणे, इतकेच असते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल उपक्रमात प्रोग्रॅमिंगचे अनेक छोटे पाठ मराठी आवाजात उपलब्ध आहेत आणि ते थांबवत, सोबत करून पाहत शिकण्यासाठीच रचलेले आहेत. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची नावे देवनागरीत देता येतात. ‘वेग’, ‘गुण’, ‘उरलेले_जीव’ अशी नावे देऊन लिहिलेला कोड नीट चालतो, आणि आपल्या भाषेत विचार करणाऱ्याला पहिल्या काही गेमपुरती ती मोठी सोय आहे. मार्च २०२३ मध्ये आलेल्या गोडो ४ पासून देवनागरी मजकूरही पडद्यावर नीट उमटतो. त्याआधीच्या आवृत्तीत जोडाक्षरे तुटत आणि वेलांट्या जागा सोडत, त्यामुळे मराठी शब्दांवर आधारलेला गेम बनवणे जिकिरीचे होते. आता एखाद्या शाळकरी मुलीला मराठी शब्दकोड्याचा गेम बनवावासा वाटला, तर त्यासाठी लागणारे इंजिन आणि चित्रे तिला आजच मिळू शकतात, आणि प्रोग्रॅमिंगच्या भाषेचे पहिले धडे त्याच आठवड्यात सुरू करता येतात.